दहा ॲनिमेशनपट, दहा दृश्यं : कामाच्या नोंदी

२ जून

काम पक्कं झालं. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांची दहा सत्रांची अभ्यासमाला करायची. दर सत्रात एक अख्खा चित्रपट दाखवायचा आणि त्यातल्या एकाच दृश्यावर चार पानी टिपण हातात द्यायचं. टिपणं माझ्याकडे. दृश्यं फ्रेमनिहाय सोडवून द्यायचं काम सहकाऱ्याकडे. तो पेशाने ॲनिमेटर, त्यामुळे 'किती जिवंत वाटतं!' छापाच्या वाक्यांवर काट मारणार, हे आत्ताच सांगून मोकळा झालाय.

'सर्वश्रेष्ठ'च्या याद्या पैशाला पासरी मिळतात आणि नावं फिरून फिरून तीच. आमची चाळणी वेगळी ठेवली आहे : एक दृश्य नुसतं तोंडी सांगितलं तरी अख्खा चित्रपट डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. नाही राहिला, तर पुरस्कार कितीही असोत, नाव बाद. लघुपट घेणार नाही. तो प्रांतच वेगळा, आणि त्यात शिरलो तर बाहेर पडणं मुश्कील.

५ जून

पहिला ॲनिमेशनपट म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी 'स्नो व्हाइट' येतो. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीने १९१७ सालीच 'एल अपोस्तोल' केला होता, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. आज टिकून असलेल्यांतला सगळ्यात जुना म्हणजे लोटे रायनिगरचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद', १९२६ चा. स्नो व्हाइटच्या ११ वर्षं आधीचा, आणि एका बाईने कात्रीच्या जोरावर उभा केलेला.

काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून आकृत्या करायच्या, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड सोडलेल्या काचेवर त्या आडव्या ठेवायच्या आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक फ्रेम घ्यायची. मग हात केसभर सरकवायचा. पुन्हा एक फ्रेम. १९२३ ते १९२६ हेच चाललं होतं.

टिपणासाठी परीराणी पारी बानू तळ्याकाठी उतरते ते दृश्य घेतलं. पिसांचा पोशाख उतरवून ती पाण्यात शिरते, अख्मेद पानांआडून बघतोय. छायाकृतीला ना डोळे, ना ओठ. लाज, भीती, ओढ, जे काय सांगायचं ते मानेच्या कलण्यातून आणि बोटांच्या टोकांतून. सहकाऱ्याचं निरीक्षण असं की महत्त्वाच्या क्षणी आकृती बहुतेक बाजूनेच दिसते, कारण समोरून पाहिली तर तिचा नुसता काळा डाग होतो. म्हणजे कोन निवडायचीसुद्धा मोकळीक नव्हती. पुढच्या कामासाठी हा धागा धरून ठेवण्यासारखा आहे.

८ जून

'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'. २१ डिसेंबर १९३७ ला पहिला खेळ, लांबी ८३ मिनिटं, खर्च सुमारे १५ लाख डॉलर. चित्रपट तयार होत असताना हॉलिवूडमध्ये त्याला 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हणत. पुढे ऑस्करने मानाचा पुरस्कार दिला तो एक पूर्ण आकाराची बाहुली आणि सोबत सात छोट्या.

दृश्य कोणतं यावर सकाळभर वाद. आरसा नको, तो सगळ्यांना पाठ. मी बुटक्यांच्या शोकाचं दृश्य लावून धरलं. ते ॲनिमेटर फ्रँक थॉमसने केलंय. तासभर जी मंडळी धडपडत, शिंकत, एकमेकांच्या अंगावर कोसळत होती, ती इथे जवळजवळ हलतच नाहीत. एखादी मान खाली जाते, एक थेंब नाकावरून ओघळतो. ॲनिमेशनमध्ये स्थिर राहणं सोपं नसतं. चित्र जरा जास्त वेळ धरलं की पात्र मेल्यासारखं दिसतं, आणि इथे तर जे जिवंत आहेत त्यांनाच गप्प उभं करायचं होतं. सहकाऱ्याने फ्रेम उलगडल्या तेव्हा कळलं की हालचाल पूर्ण थांबत नाही, ती फक्त फार उशिरा आणि फार थोडी येते.

याच चित्रपटासाठी बुटक्यांचं सूप पिण्याचं एक अख्खं दृश्य वॉर्ड किंबल या ॲनिमेटरने पेन्सिलमध्ये पूर्ण केलं होतं. मजेदार, पण गोष्ट रेंगाळवणारं, म्हणून डिस्नेने ते काढून टाकलं. किंबल वैतागला, नंतर त्याला 'पिनोकिओ'तला जिमिनी क्रिकेट मिळाला. ते दृश्य आज वेगळं पाहायला मिळतं. पाहिलं. गंमत आहे, आणि काढलं ते बरंच केलं.

आज टिपणांचं सूत्र सापडलं असं वाटतंय. कॅमेऱ्यासमोर वारा सुटला तर पडदा आपसूक हलतो. इथे तो हलावा असं आधी कोणाला तरी वाटावं लागतं आणि मग कोणीतरी बसून काढावा लागतो. चौकटीत जे नाही, ते नजरेतून सुटलेलं नसतं. ते नको म्हणून ठरवलेलं असतं. आमच्या यादीतले चित्रपट या 'नको'वर उभे आहेत का, हे तपासत जायचं.

१२ जून

'बॅम्बी', १९४२. सूत्राला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

आईच्या मृत्यूचं दृश्य : बर्फातून उगवलेलं पहिलं कोवळं गवत, आईची मान झटक्यात वर, दोघांची धाव, आवाज, बॅम्बी झाडीत पोचतो आणि 'आपण पोचलो' म्हणत मागे वळतो. मागे कोणी नाही. आता बर्फ दाट पडायला लागलेला. विषय काढला की आई कोसळताना पाहिल्याचं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. ते चित्र कोणी काढलेलंच नाही. शिकारीही पडद्यावर कुठे दिसत नाही.

पण टिपणाची अडीच पानं मी पार्श्वचित्रांना दिली आहेत. स्टुडिओने खरी हरणं आणून चित्रकारांकडून अभ्यास करून घेतला होता. प्राण्यांची हाडं-सांधे बिनचूक बसले, पण जंगलाचं गाडं अडलं होतं. पानन् पान काढायला गेलं की त्या गर्दीत हरीणच हरवायचं. तोड काढली टायरस वाँग नावाच्या चिनी वंशाच्या चित्रकाराने. तो तेव्हा स्टुडिओत इनबिटवीनर होता, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारा. सर्वांत खालच्या पायरीचं, डोळे फोडणारं काम. त्याने सोंग राजवटीच्या काळातल्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणावर जंगलाचे नमुने रंगवून दाखवले : मध्यभागी उजेड आणि नेमके तपशील, कडेला नुसतं धुकं, झाडाचं खोड म्हणजे ओल्या रंगाचा एक फराटा. चित्रपटाचा सगळा तोंडवळा त्यावरून ठरला.

वाँगला डिस्ने स्टुडिओतल्या १९४१ च्या संपानंतर कामावरून काढून टाकलं, तो स्वतः संपात नसताना. श्रेयनामावलीत तो पार्श्वचित्रकारांच्या रांगेत एक नाव म्हणून येतो. २०१६ साली १०६ व्या वर्षी वारला, तोवर उशिरा का होईना मान मिळाला. टिपणात त्याचं नाव पहिल्याच परिच्छेदात घेतलंय. सहकारी म्हणाला, "लेखाचा तोल जातोय." जाऊ दे.

१५ जून

'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' (१९६१) दहात नाही, पण तंत्राच्या पुरवणीत हवा. डिस्नेच्या अब आयवर्क्सने झेरॉक्सचं तंत्र वळवून पेन्सिलचं चित्र थेट सेलवर, म्हणजे ज्यावर चित्र रंगवतात त्या पारदर्शक पत्र्यावर, उतरवायची सोय केली, त्यामुळे शाईने रेघा गिरवायचा टप्पाच गळाला. ठिपकेवाली एवढी कुत्री हाताने गिरवत बसायची म्हणजे स्टुडिओचं दिवाळंच. ॲनिमेटरची खरखरीत रेघ पडद्यावर जशीच्या तशी आली. वॉल्ट डिस्नेला ती आवडली नव्हती, मला फार आवडते.

१६ जून

'लव्हिंग व्हिन्सेंट' (२०१७) बाद. सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगात रंगवलेल्या, सव्वाशेच्या आसपास चित्रकार. मेहनत दिसते, आणि मेहनतच दिसते. दृश्य सांगायला गेलो तर दोघांनाही एकही धड सांगता आलं नाही.

'अप' (२००९) वर मात्र खडाजंगी. कार्ल आणि एलीच्या संसाराची ती चार-साडेचार मिनिटं, संवाद नाही, फक्त मायकेल जियाकिनोचं संगीत. बरणीतले साठवलेले पैसे दर वेळी कशात तरी मोडतात, टाय बांधणारे हात म्हातारे होत जातात, टेकडी चढताना एली मागे राहते. कार्ल चौकोनी, एली गोल, हेसुद्धा न सांगता कळतं. एवढ्यात इतकं बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. पण चाळणी दृश्याची नाही, दृश्यातून चित्रपट उभा राहण्याची आहे, आणि 'अप'चा उत्तरार्ध बोलणाऱ्या कुत्र्यांसकट दुसरीकडेच निघून जातो. सहकारी अजून धुसफुसतोय. बाद.

२१ जून

१६ एप्रिल १९८८. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने एकाच दिवशी, एकाच तिकिटात दोन चित्रपट लावले : मियाझाकीचा 'माय नेबर तोतोरो' आणि ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. ८६ मिनिटं आणि ८९ मिनिटं. एकात आई आजारी आहे आणि बरी होते; दुसऱ्यात युद्धात आई जाते आणि पोरं एकटी पडतात. दोन्ही घ्यायचे, वेगळ्या सत्रांत. एकत्र दाखवले तर नंतर चर्चेला तोंड उघडायची कोणाची हिंमत होणार नाही.

तोतोरोचा बसथांबा. सात्सुकी पाठीवर झोपलेल्या धाकट्या बहिणीला, मेईला, घेऊन उभी आहे, पाऊस, अंधार, एकच दिवा. एक बेडूक रस्ता ओलांडतो. मग छत्रीच्या कडेखालून आधी नखं असलेला केसाळ पाय दिसतो. मियाझाकी घाई करत नाही. सात्सुकी छत्री जराशी वर करते आणि शेजारी तोतोरो, डोक्यावर एवढंसं पान ठेवून पावसात उभा. ती वडिलांसाठी आणलेली छत्री त्याला देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटपतात, त्या आवाजाने त्याचे डोळे विस्फारतात, त्याला आणखी थेंब हवे असतात, म्हणून तो उडी मारून जमीन हादरवतो आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम कोसळतं.

गोष्ट यातून पुढे काय सरकली? फारशी नाही. एरवी पटकथा तपासणाऱ्याने पहिल्यांदा इथेच कात्री लावली असती. किंबलचं सूप नको आणि हा बेडूक हवा, असं का, हा प्रश्न सहकाऱ्याने बरोबर काढला. माझं उत्तर : सूपच्या दृश्यात बुटके आपल्याला आधीच ठाऊक होते तसेच वागतात. बसथांब्यावर मात्र आपणही सात्सुकीबरोबर वाट बघायला लागतो, आणि वाट बघितल्याशिवाय तोतोरोवर विश्वास बसला नसता. त्याला पटलं असावं, निदान काट मारली नाही.

'फायरफ्लाइज'च्या टिपणात बाह्यरेषांचा मुद्दा घेतला. नेहमीच्या काळ्या रेषेऐवजी तिथे बऱ्याच ठिकाणी तपकिरी रेषा आहे. त्यामुळे मुलं पार्श्वचित्रातून उठून दिसत नाहीत, त्याच भाजलेल्या मातीतली वाटतात. डबीतल्या गोळ्यांचं दृश्य निवडलंय. जास्त लिहिणार नाही, लिहवत नाही.

२६ जून

'अकिरा', तेही १९८८, आणि माझ्या सूत्राच्या ठिकऱ्या. कात्सुहिरो ओतोमोने काहीही 'नको' म्हटलेलं दिसत नाही. दीड लाखाहून जास्त सेल. जपानी रिवाजाच्या उलट, संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठांची हालचाल त्यांवर बसवलेली. रात्रीची दृश्यं इतकी की त्यांच्यासाठी नव्या रंगछटा घोटाव्या लागल्या. मोटरसायकल वळते आणि मागच्या दिव्याची लाल रेघ हवेत रेंगाळत राहते, गाडी पुढे गेली तरी. सहकारी खुशीत : "आता काय करतोस बोल."

सूत्र बदलत नाही, नीट मांडतो. काटकसर हा निकष नव्हताच. ती लाल रेघ डोळ्यांना खरी दिसेल त्यापेक्षा जास्त वेळ थांबते, म्हणजे ती भौतिकशास्त्राने आणलेली नाही, ओतोमोने आणली आहे. पडद्यावर सगळंच ओसंडून वाहत असताना लक्षात राहते ती ही एक रेघ. मधे एक गंमत : चित्रपट सुरू होतो तो १६ जुलै १९८८ या तारखेला टोकियोच्या विनाशाने, आणि जपानमध्ये तो प्रदर्शितही त्याच दिवशी झाला.

३० जून

'टॉय स्टोरी', नोव्हेंबर १९९५. संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तेव्हाच्या यंत्रांना कातडी, केस, कापड झेपत नव्हतं. प्लास्टिक उत्तम जमत होतं. मग खेळण्यांचीच गोष्ट. जे येत नाही त्याच्याभोवती कुंपण घालून आत घर बांधायचं, हे रायनिगरच्या काळ्या पुठ्ठ्याशी थेट नातं सांगतं, तसं टिपणात लिहिलंय. हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांची चाल बसवायला ॲनिमेटरांनी स्वतःचे बूट फळीला ठोकून घेतले आणि तसे चालून पाहिले.

नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नेला कच्चा चित्रपट दाखवला तेव्हा त्यातला वुडी, म्हणजे नायक असलेलं काउबॉय खेळणं, इतका खवट होता की काम थांबवलं गेलं आणि पटकथा नव्याने लिहावी लागली. ही हकिकत थोडक्यात.

दृश्य : स्वतःला खरा अंतराळवीर समजणाऱ्या बझ या खेळण्याला टीव्हीवर स्वतःचीच जाहिरात दिसते. 'हे उडणारं खेळणं नाही'. तो मनगटावरचं झाकण उघडतो, आत 'मेड इन तैवान'. तरी जिन्याच्या कठड्यावर चढून उडी घेतो, क्षणभर खरंच उडेल असं वाटतं, आणि खाली पडतो. हात निखळून बाजूला पडलेला असतो. रक्त नाही, ओरडणं नाही. प्लास्टिकचा चेहरा वर बघतोय एवढंच. तंत्राची मर्यादा आणि पात्राचं दुःख एकाच चौकटीत आलंय. ते मुद्दाम केलं की आपोआप जुळून आलं, हे ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

६ जुलै

'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) घेतला. आरी फोल्मन १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैनिक होता आणि त्याला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून तो जुन्या सोबत्यांना भेटत सुटतो. सुरुवातीला २६ कुत्री रस्त्यावरून उधळत येतात ते एका मित्राचं स्वप्न. आठवण आणि भ्रम एकाच रेषेने काढता येतात, ही सोय खऱ्या चित्रणात नाही. आणि शेवटी, बैरूतमधल्या साब्रा-शातिला या निर्वासित वस्त्यांतल्या हत्याकांडापाशी, फोल्मन चित्रंच काढून घेतो. बातमीसाठी घेतलेलं खरं चित्रण येतं. शेवट चित्रपटाला तडा देतो, असं सहकाऱ्याचं मत. माझ्या मते तडा द्यायलाच तो केलाय. टिपणात दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली.

११ जुलै

ताकाहाताचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया', २०१३. निर्मितीला ८ वर्षं. हे टिपण सर्वांत लांब होतंय आणि मला ते कमी करायचं नाही.

चित्रपटभर जलरंगाच्या फिकट छटा आणि कोळशासारखी रेघ. चौकटीच्या कडा बऱ्याचदा कोऱ्याच सोडलेल्या. मग मेजवानीचं दृश्य. पडद्याआड बसवलेल्या कागुयाच्या कानावर झिंगलेल्या पाहुण्यांची टिंगल पडते. हातातला शिंपला फुटतो. ती उठते, आणि इथून रेघ बदलते. दारं धडाधड मागे पडतात, ती धावत सुटते, अंगावरची एकेक भरजरी वस्त्रं गळून रस्त्यात पडत जातात. सहकाऱ्याने फ्रेम एकेक करून लावल्या तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. सुटी पाहिली तर काही चित्रांत चेहराच नाही, नुसते दोन-तीन फराटे. हात म्हणजे एक फेकलेली रेघ. शाळेत अशी चित्रं दिली तर अपूर्ण म्हणून परत येतील. सलग चालवली की त्यातली मुलगी धापा टाकते.

चकचकीत, पूर्ण केलेल्या चित्रांत हा राग मावला नसता. घासून स्वच्छ केलेली रेघ म्हणजे शिस्त, आणि त्या मुलीवर वर्षभर तीच लादली जातेय : भुवया उपट, दात काळे कर, हसू नकोस. ती पळते तेव्हा रेघसुद्धा शिस्त मोडते. सहकाऱ्याची भर अशी की इतकी मोडलेली रेघ काढायला हात आधी पूर्ण तयार असावा लागतो. शिकाऊ माणसाने केली तर ती नुसती वाकडी दिसते. त्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं.

१५ जुलै

शेवटच्या जागेसाठी दोन उमेदवार. एक 'फ्लो' (२०२४), लाटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोदिसचा. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, संवादाचा एक शब्द नाही, ऑस्कर मिळालेला. दुसरा 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८).

सेकंदाला २४ फ्रेम. दर फ्रेमला नवं चित्र म्हणजे 'वन्स'वर. एक चित्र दोन फ्रेम धरलं की 'टूज'वर, सेकंदाला १२ चित्रं. जंगलातून पळतानाच्या दृश्यात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर वन्सवर आहे आणि नवखा माइल्स टूजवर. एकाच चौकटीत, शेजारी शेजारी. पीटर लोण्यासारखा सरकतो, माइल्स अडखळतो. त्याला जाळं फेकून झुलणं जमतं तेव्हा तोही वन्सवर येतो. नवशिक्या प्रेक्षकाला फ्रेम मोजायला शिकवायची याहून सोपी वाट नाही. 'स्पायडर-व्हर्स' घेतला. 'फ्लो' मला जास्त प्रिय आहे, पण टिपण लिहायला बसलो तर मांजराचं कौतुक सोडून काही सुचेना. माला पुन्हा झाली तर पहिलं नाव त्याचं.

१९ जुलै

टिपणं छापायला गेली. आता दाखवायची व्यवस्था. पडदा नाही, मोठा टीव्ही मिळणार आहे. त्यावर चाचणी घेतली आणि 'स्पायडर-व्हर्स'चं जंगल लावलं, तर माइल्स पहिल्यापासूनच पीटरइतका सुळसुळीत. कारण टीव्हीतलं मोशन स्मूदिंग. दोन फ्रेमच्या मधलं चित्र यंत्र स्वतः अंदाजाने बनवून मध्ये घुसवतं. सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. कागुयाची धाव लावून पाहिली, तिथे फराट्यांच्या मध्ये धुरकट लोळ.

टीव्ही चालवणाऱ्यासाठी सूचनांचा कागद केला, यंत्राच्या मागे चिकटवायचा :

मोशन स्मूदिंग बंद. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. चित्र गुळगुळीत करणारं जे काही असेल ते सगळं बंद. 'स्नो व्हाइट' आणि 'बॅम्बी' जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, चित्र ताणायचं नाही. जपानी चित्रपट मूळ आवाजातच. प्रत्येक सत्राआधी जंगलाचं दृश्य अर्धा मिनिट लावून बघायचं : माइल्स अडखळला पाहिजे. नाही अडखळला तर पुन्हा सेटिंगमध्ये जा.